डासांसाठी काय घ्यायचं? आधी पाकीट उलटं करून वाचा

(महासंघाच्या जुलैच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयकांनी केलेले भाषण)



हिशोबाचं वाचन झालं, आता माझी दहा मिनिटं. विषय तुमच्यातूनच आलेला आहे. मागच्या महिन्यात बदलापूरकडच्या एका गटाने मला विचारलं, "मॅडम, एक व्यापारी मच्छर अगरबत्ती सुट्टी देतोय. आपण घरी बसून पाकिटं भरायची, वर गटाचं नाव टाकायचं आणि विकायची. घेऊ का काम?" भांडवल लागत नाही, रोजचे पैसे हातात. खरं सांगते, मलाही आधी बरं वाटलं. मग मी नमुन्याचं पाकीट उलटं केलं, तर मागे काहीच छापलेलं नव्हतं. आत कुठलं औषध आहे, किती आहे, कोणी बनवलं, काही नाही.

त्या गटाला काय उत्तर दिलं ते शेवटी सांगते. आधी आपण स्वतःच्या घरासाठी काय घ्यायचं ते बघू. कारण डासांवर पैसे आपण सगळ्याच घालतो, पण बऱ्याचदा चुकीच्या वेळी आणि चुकीच्या वस्तूवर.

डास सगळे सारखे नसतात. चावते ती मादी, अंडी घालायला तिला रक्त लागतं. अंगावर काळे-पांढरे पट्टे असतात तो एडिस. डेंग्यू आणि चिकुनगुनिया त्याच्यामुळे होतो. तो दिवसा चावतो, सकाळी उजाडल्यावर आणि दिवेलागणीच्या आधी जास्त. त्याला साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. आपल्याकडे नळाला पाणी दिवसभर नसतं, म्हणून आपण ड्रम, पिंप, टाकी भरून ठेवतो. तिथेच त्याचं घर. दुसरा अॅनोफिलीस, मलेरियाचा. तो रात्री चावतो. तिसरा क्युलेक्स, गटाराचा. वालधुनीच्या काठाला, नाल्याशेजारी राहणाऱ्यांना तो नवा नाही. तोही रात्रीचाच.

आता गंमत बघा. उल्हासनगरला एका ताईंच्या घरी दुपारी चार वाजता आमची बैठक होती. सगळ्या जणी पाय झटकत बसलेल्या आणि कोपऱ्यात कॉइल तशीच. मी म्हटलं, लावत का नाही? तर म्हणाल्या, "ती रात्रीची आहे." डेंग्यूचा डास दिवसा चावून जातो आणि आपला बंदोबस्त रात्री सुरू होतो! म्हणून निवडताना पहिला प्रश्न हा: मला डास कुठे आणि किती वाजता चावतो?

भाताच्या लावणीला जाणारी, गाळ्यावर जीन्स शिवणारी, पहाटे स्टेशनला भाजी घेऊन जाणारी बाई. हिच्यासोबत कॉइल किंवा मशीन जात नाही. हिला अंगाला लावायचं क्रीमच हवं. क्रीम घेताना फक्त वास आणि जाहिरात बघू नका, आतल्या औषधाचं नाव बघा. डीट, पिकारिडिन ही जगभर तपासलेली औषधं आहेत. आपल्या दुकानात सहज मिळणाऱ्या ओडोमॉसमध्ये डायइथाइल बेन्झामाइड असतं, १२ टक्के. डीटचे टक्के जास्त म्हणजे ते जास्त वेळ टिकतं, एवढाच अर्थ. घामाने, पाण्याने क्रीम निघून जातं, मग परत लावायचं. उघड्या अंगालाच लावा, कपड्याच्या आत नको, जखमेवर नको. मुलांना आपल्या हाताने लावा, त्यांच्या तळहाताला आणि डोळ्यांजवळ नको. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला क्रीम लावूच नका. त्याला मच्छरदाणी, दिवसाच्या झोपेतसुद्धा.

"मॅडम, आम्ही नैसर्गिकच वापरतो," असं बऱ्याच जणी सांगतात. २००२ साली अमेरिकेत एक तपासणी झाली होती. सुमारे २४ टक्के डीटने सरासरी ५ तास डास लांब राहिले. सिट्रोनेला, म्हणजे गवती चहासारख्या वासाचं ते तेल, २० मिनिटंही टिकलं नाही. मनगटावरच्या पट्ट्यांचा तर उपयोगच झाला नाही. आवाज करून डास पळवणारं यंत्र आणि मोबाइलमधलं अॅप यांनीही डास चावायचा थांबत नाही. कापूर घालून तेल करत असाल तर ते मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. कापूर पोटात गेला तर मुलाला झटके येऊ शकतात.

आता कॉइल. एका अभ्यासात असं दिसलं की एक कॉइल पूर्ण जळली तर तिच्यातून निघणारा बारीक धूर ७५ ते १३७ सिगारेटींइतका असतो. बंद खोलीत, दम्याच्या सासूबाई आणि तान्हं बाळ असताना ती नकोच. मशीनला धूर नाही, पण औषध हवेत असतंच. खिडकी थोडी उघडी ठेवा. लाइट गेली की मशीन बंद. मच्छरदाणीला ना लाइट लागते, ना दर महिन्याला बाटली. रात्रीसाठी सगळ्यात भरवशाची तीच. फक्त कडा गादीखाली खोचा आणि भोक पडलं तर शिवा.

आणि पिंप? एडिसची अंडी पिंपाच्या कडेला चिकटतात आणि पाणी नसतानाही महिनोन्महिने जिवंत राहतात. अंड्यातून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस पाणी ओतून, आतून घासून, वाळवून मगच भरायचं. नुसतं ओतून चालत नाही. हे केलं नाही तर क्रीमवरचा खर्च चालूच राहील.

ताप आला तर अंगावर काढू नका. सरकारी दवाखान्यात मलेरियाची तपासणी मोफत असते. डेंग्यूची शंका असेल तर मनाने ब्रुफेन, अॅस्पिरिन घेऊ नका, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आता त्या अगरबत्तीचं. डास मारणारी वस्तू म्हणजे कीटकनाशक. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे त्याची नोंदणी लागते. म्हणून कॉइल, मशीनची बाटली, अगरबत्ती घेताना पाकिटाच्या मागे सीआयआर नंबर, औषधाचं नाव, टक्के आणि मुदत बघायची. नंबर नसेल तर आत काय आणि किती आहे याची खात्री कोणी देत नाही. अशा अगरबत्त्यांमध्ये नोंदणी नसलेलं औषध सापडलेलं आहे. तो धूर गिऱ्हाइकाच्या घरात जाईल आणि भरताना भुकटी आपल्या हाताला, मुलांच्या नाकात. उद्या काही झालं तर व्यापाऱ्याचं नाव पाकिटावर नाही, गटाचं आहे. मी त्या गटाला नाही म्हटलं. त्यांना वाईट वाटलं, मला माहीत आहे. हातचं काम गेलं.

म्हणून आज नुसतं नको म्हणून उठायचं नाही. आपल्याकडे शिवणकाम येणाऱ्या कितीतरी जणी आहेत. जाळीचं कापड ठोकात आणून पाळण्याच्या, खाटेच्या मच्छरदाण्या आणि खिडकीच्या जाळ्या शिवता येतील. पहिलं गिऱ्हाईक आपलेच गट. तीन गट तयार असतील तर पुढच्या बैठकीत खर्चाचा हिशोब मांडू. आणि आजच्या इतिवृत्तात दोन ठराव लिहू या: नंबर नसलेली अगरबत्ती कुठलाही गट भरणार नाही, विकणार नाही. आणि दर रविवारी प्रत्येक सदस्य घरचं पिंप घासेल.

ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा. आणि घरी गेल्यावर फळीवरचं पाकीट आधी उलटं करून बघा.