आखडलेला खांदा

गुरुजी फळ्याच्या वरच्या ओळीत तारीख लिहायला जातात आणि हात खांद्यापाशीच अडतो. शेतकरी बंडीत हात घालताना कळवळतो, बाईला अंबाडा घालता येत नाही. रात्री त्या कुशीवर निजावं, तर ठणका उठतो. 'वाताचं आहे, वय झालं,' म्हणून आपण सोडून देतो. चाळिशी ते साठीत असा खांदा धरला, तर दुर्लक्ष करू नये, घाबरूही नये.

खांद्याच्या सांध्याभोवती एक सैल पिशवी असते. ती सुजते, जाड होते आणि आक्रसते. अमेरिकन शल्यवैद्य कॉडमन यांनी १९३४ साली याला 'गोठलेला खांदा' म्हटलं. स्त्रियांत आणि मधुमेह असलेल्यांत तो अधिक आढळतो.

ओळखावा कसा? कोपर कुशीला टेकवून काटकोनात वाकवा आणि पंजा बाहेरच्या बाजूला न्या. दुखरा हात चांगल्या हातापेक्षा बराच कमी जातो. दुसऱ्यानं हलकेच नेला, तरी तिथंच अडतो.

सुरुवातीचे काही महिने दुखण्याचे. तेव्हा दोन चुका होतात. कुणी हात झोळीत बांधून ठेवतो. त्यानं सांधा आणखी आखडतो. कुणी हिसके देऊन, रगडून घेतो. त्यानं दुखणं भडकतं.

मग करावं काय? आधी कोमट शेक घ्या. चांगला हात मेजावर टेकून पुढं वाका, दुखरा हात सैल सोडा आणि घड्याळाच्या लंबकासारखा झुलवा. दिवसातून तीनदा, थोडा थोडा वेळ. कळ लवकर ओसरली, तर ठीक. रात्रभर राहिली, तर उद्या कमी करा. निजताना त्या हाताखाली उशी घ्या.

डॉक्टरांना दाखवा आणि रक्तातली साखर तपासून घ्या. ठणका फार असेल, तर सुरुवातीला सांध्यात दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन उपयोगी पडतं. त्यानं काही दिवस साखर वाढते, म्हणून मधुमेह असल्यास आधी सांगा. पडून मार लागला असेल किंवा ताप असेल, तर थांबू नका. खांद्याबरोबर छातीत दाब, घाम किंवा धाप असेल, तर ते हृदयाचं असू शकतं. तडक इस्पितळ गाठा.

हा खांदा सुटायला वर्ष ते तीन वर्षं लागतात. बहुतेकांचा बराचसा सुटतो. काहींना थोडा ताठरपणा राहतो. तोवर, गुरुजी, वरची ओळ एखाद्या उंच मुलाला लिहू द्या.