असं कोणी इथं राहत नाही

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोनवर सांगितलं, "तू कॉम्प्युटरवाली, काहीतरी प्रेरणादायी बोल." ते मला जमणार नाही, माझ्या बाकावर बसणाऱ्या दोघी समोरच बसल्या आहेत, त्या हसतील. म्हणून मी एका बिघाडाची हकिकत सांगते. बिघाड इथलाच, नंदुरबारच्या आमच्या घरातल्या कॉम्प्युटरचा. त्यात मी एका माणसाशी वाईट वागले, तेही सांगायचं आहे.

मार्च २०२० मध्ये मी पुण्याहून चार दिवसांसाठी आईनानांकडे आले होते. ऑफिसचा लॅपटॉप मुद्दाम आणला नव्हता, नाहीतर आईने ऐकवलं असतं. २५ मार्चपासून टाळेबंदी लागली आणि चार दिवसांचे चार महिने झाले. कंपनीने परवानगी दिली की घरच्या कॉम्प्युटरवरून सुरक्षित जोडणी घेऊन काम करा. घरचा कॉम्प्युटर म्हणजे नानांचा, पुढच्या खोलीतला, ज्यावर ते अभंग ऐकतात.

जोडणी झाली. सकाळी काम व्यवस्थित चाले. संध्याकाळी मात्र कंपनीतल्या एखाद्या सर्व्हरचं नाव टाकलं की उत्तर येई, या नावाचं काही सापडत नाही. पाच मिनिटांनी तेच नाव उघडे. मग पुन्हा नाही. जे कायमचं बंद पडतं ते दुरुस्त करायला सोपं असतं. जे कधी चालतं आणि कधी नाही, ते माणसाला वेडं करतं.

इथे थोडं समजावून सांगते. कॉम्प्युटरला नावं कळत नाहीत, आकडे कळतात. आपण नाव टाकतो, तो ते नाव कोणाला तरी विचारून आकडा आणतो आणि मग त्या आकड्याकडे जातो. सुरुवातीच्या काळात जगातल्या सगळ्या जोडलेल्या कॉम्प्युटरांची नावं एकाच यादीत होती. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ती यादी सांभाळत, त्या कामाची प्रमुख एलिझाबेथ फाइनलर नावाची बाई होती, आणि बाकीचे तिची नक्कल उतरवून घेत. यादी आवरेना, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी आजची पद्धत आखली. तिला डीएनएस म्हणतात. एकच यादी नाही. प्रत्येकाने आपापल्या गल्लीची नावं सांभाळायची आणि विचारणाऱ्याला सांगायची.

एकदा मिळालेलं उत्तर कॉम्प्युटर काही काळ लक्षातही ठेवतो. हे आपल्याला वेगळं शिकवायला नको. आपण दहावी झालो तेव्हा आपला जिल्हा धुळे होता. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा झाला, तरी माझी नागपूरची मावशी पुढे कितीतरी वर्षं पत्रावर "जि. धुळे" लिहीत होती. पत्रं पोचायची, कारण खाली ४२५४१२ असायचं. टपालात नाव बदललं तरी आकडा राहिला. इंटरनेटवर उलट आहे: नाव तेच राहतं, खालचा आकडा बदलत असतो.

तर आमच्या घरी. मी सगळं तपासलं. त्या जुन्या यादीचा वारसा म्हणून प्रत्येक कॉम्प्युटरवर अजून एक छोटी फाइल असते, होस्ट्स नावाची. ती पाहिली, रिकामीच. लक्षात ठेवलेली उत्तरं पुसली. राउटर बंद करून चालू केला. ब्राउझर म्हणे नाव नाही, पिंग म्हणे नाव नाही, आणि त्याच क्षणी एनएसलुकअप या तपासणीच्या आज्ञेला विचारलं की ती म्हणे आहे की, हा घ्या आकडा. एकाच टेबलावरच्या एकाच कॉम्प्युटरची दोन उत्तरं.

मी निष्कर्ष काढला की लाइन खराब आहे. आमच्या गल्लीत इंटरनेट देणारा मुलगा आपल्याच शाळेचा, आपल्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मागचा. टाळेबंदीत तोंडाला रुमाल बांधून तो तीनदा आला, दोनदा खांबावर चढला. म्हणाला, "ताई, बाकी सगळं उघडी ऱ्हायनं ना? लाइन बरोबर शे. सांजले थोडी हळू चालस, तेवढंच." मी म्हणाले, "वीस वर्षं मी हेच काम करते. तुला यातलं कळत नाही." हे मी नानांसमोर बोलले. नाना काही बोलले नाहीत, पण त्याला पाणी द्यायला स्वतः उठले.

त्या महिन्याचे त्याने पैसे घेतले नाहीत. "तुमले तरास व्हयना, ताई," एवढंच म्हणाला. मी ते मान्य केलं.

पुढच्या आठवड्यात एका रात्री मी वायरशार्क लावून बसले. कॉम्प्युटरकडून कोणता प्रश्न कोणाकडे गेला आणि काय उत्तर आलं, हे त्यात ओळीने दिसतं. तिथे सगळं उघडं पडलं.

जोडणीच्या सूचनापत्रात लिहिलं होतं की नाव विचारण्यासाठी पहिल्या रकान्यात कंपनीच्या नेमसर्व्हरचा आकडा भरा. दुसऱ्या रकान्याबद्दल काही नव्हतं. रिकामा रकाना मला बघवला नाही. (कोरी जागा सोडायची नाही, ही सवय या शाळेचीच, बाई.) मी तिथे गूगलचा, कोणालाही चालणारा, चार आठांचा आकडा भरला. पहिला नाही चालला तर दुसरा, अशी माझी समजूत.

ती समजूत चूक होती. समजा तुम्ही एका गल्लीत कोणाचं घर विचारताय. ओट्यावरच्या आजोबांना विचारलं. त्यांना नक्की माहीत आहे, पण ते चष्मा शोधताहेत. तुम्ही क्षणभर थांबता आणि रस्त्याने जाणाऱ्या परगावच्या माणसाला विचारता. तो ताबडतोब सांगतो, "असं कोणी इथं राहत नाही." तुम्ही परत फिरता. आजोबा मागून हाक मारतात, पण तुम्ही वळलेले असता.

विंडोज पहिल्या नेमसर्व्हरची साधारण एक सेकंद वाट पाहतं. सकाळी उत्तर त्याच्या आत येई. संध्याकाळी सगळी गल्ली मोबाइलवर, लाइन हळू, एक सेकंद उलटे, आणि प्रश्न गूगलकडे जाई. कंपनीची आतली नावं गूगलला कशी माहीत असणार? तो "नाही" म्हणे. कोणी गप्प राहिला तर कॉम्प्युटर दुसऱ्याला विचारतो, पण "नाही" हे उत्तर मिळालं की तो कोणाला विचारत नाही. वर ते "नाही" थोडा वेळ लक्षातही ठेवतो. मी स्क्रीनवर पाहिलं, खरं उत्तर मागोमाग येत होतं. ते घ्यायला कोणी थांबलेलंच नव्हतं. एनएसलुकअप मात्र फक्त पहिल्यालाच विचारतो, जास्त वेळ थांबतो आणि लक्षात ठेवलेलं "नाही" बघत नाही, म्हणून तो बरोबर सांगत होता.

दुसरा आकडा मी पुसला. काम सुरळीत झालं, पण माझी जोडणी बंद असताना नानांचे अभंग उघडेनात. घरातल्या प्रत्येक नावासाठी आता कंपनीला विचारावं लागत होतं. शेवटी विंडोजमध्ये एक नियम लिहिला: ज्या नावांच्या शेवटी कंपनीचं नाव आहे ती कंपनीला विचार, बाकीची नेहमीप्रमाणे. तेव्हापासून तक्रार नाही.

त्या मुलाला मी रात्री संदेश पाठवला, "सुरू झालं." एवढाच. चूक माझी होती, हे लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं, हात जोडलेलं चित्र. त्याला वाटलं असणार, खांबावर त्याने काहीतरी केलं त्याने झालं. गल्लीतल्या दोन घरांनी मात्र माझं ऐकून त्याची लाइन काढली होती. ताई पुण्यात कॉम्प्युटरमध्ये आहेत, त्या खोटं कशाला बोलतील? ती घरं मी नंतर गाठली. एक परत आलं, एक नाही.

आज या मंडपात इंटरनेट त्यानेच दिलं आहे. तो मागे माइकच्या पेटीशेजारी उभा आहे, आणि मी काय बोलणार ते त्याला माहीत नव्हतं. भाऊ, तुझी लाइन बरोबर होती. आकडा मी चुकीचा भरला होता. नानांसमोर बोलले होते, म्हणून आज सगळ्यांसमोर सांगते. नाना पहिल्या रांगेत आहेत. त्या महिन्याचे पैसे पाकिटात आणले आहेत. जेवणाआधी मला भेट.