रानाचे कागद



जुन्नरला पाहुणा आला की आपण त्याला शिवनेरी दाखवतो, लेण्याद्री दाखवतो, पावसाळा असला तर नाणेघाटावर नेतो. पुढे आंबेगावच्या वाटेने गेलो की भीमाशंकर आहेच. हे सगळे टिकले याचे श्रेय कुणी देवाला देतो, कुणी सह्याद्रीच्या कातळाला. त्यातला थोडा वाटा कागदाचाही आहे, आणि त्याचे नाव सहसा कुणी घेत नाही.

नाणेघाटातलेच बघा. तिथल्या लेण्यात सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती कोरल्या होत्या. आता पावलांच्या खुणांपलीकडे फारसे काही उरलेले नाही. ती पावले सिमुकाची, नागनिकेची, सातकर्णीची, हे कळते ते वर कोरलेल्या ब्राह्मी अक्षरांवरून. जुन्नर परिसरातल्या लेखांच्या नकला कर्नल साइक्स याने १८३७ मध्ये छापून आणल्या. पुढे भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर या अभ्यासकांनी नाणेघाटाचा लेख नीट लावला. मूर्ती गेल्या, नावे राहिली.

आता रानाकडे वळू. जुन्नर तालुक्यात हिवरे गावी गेल्या शतकाच्याही आधी एक सरकारी बाग होती, हे आज किती जणांना ठाऊक असेल? डॉ. अलेक्झांडर गिब्सन हा त्या बागेचा कर्ता. कंपनी सरकारचा हा डॉक्टर १८३८ पासून पुण्याजवळच्या दापोडीची वनस्पती बाग सांभाळत होता. हिवऱ्याला सोनामुखी, खुरासनी ओवा अशा औषधी वनस्पती लावून त्यांची औषधे तो लष्करी दवाखान्यांना पुरवी. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक म्हणून त्याचीच नेमणूक झाली. डोंगर उघडे पडले की झरे आटतात, हे त्याने सरकारला लिहून कळवले. सरकारला अर्थात जहाजांच्या सागवानाची चिंता अधिक होती. पण पाण्याचा मुद्दा दफ्तरात नोंदला गेला, हे महत्त्वाचे. दापोडीच्या बागेतल्या झाडांची दीडशेहून अधिक रंगीत चित्रे त्याने एका चित्रकाराकडून काढून घेतली होती. त्या चित्रकाराचे नाव हरवले. चित्रे मात्र आज स्कॉटलंडमध्ये, एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात, जपून ठेवली आहेत.

आपल्या कागदांची खरी अडचण ही आहे. कागद आहेत, पण ते गावापासून लांब आहेत आणि दहा ठिकाणी विखुरलेले आहेत. पेशवाईतले हवे तर पुण्याच्या पुरालेखागारात जा. तिथे चौकोनी कापडात बांधलेले रुमाल सोडावे लागतात, आत मोडीतली बारीक, एकमेकांत गुंतलेली अक्षरे. इंग्रजी अंमलातले हवे तर १८८५ चे पुणे जिल्हा गॅझेटियर उघडा. शिवनेरी १९०९ मध्ये संरक्षित स्मारक ठरला, २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला. त्याचे कागद पुरातत्त्व खात्याकडे, उतारावरच्या रानाचे वनखात्याकडे, खालच्या शेताचे तलाठ्याकडे. आंबेगावची तर आणखी तऱ्हा: ज्या गावाचे नाव तालुक्याला आहे ते जुने आंबेगाव डिंभे धरणात बुडाले, आणि कचेऱ्या घोडेगावला.

भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झाले. पण आहुपे गावाची देवराई काही त्या सरकारी आदेशाने राखलेली नाही. तिथे कुऱ्हाड चालवायची नाही हा नेम गावाने पिढ्यान्‌पिढ्या पाळला. महादेव कोळी माणसे त्या डोंगरात बाळहिरडा वेचतात, अंगणात वाळवतात, विकतात. हे सगळे तोंडी. तोंडी असते तोवर गावाला पुरते. प्रांत कचेरीत मात्र ‘पुरावा काय?’ हाच पहिला प्रश्न येतो.

त्या प्रश्नाला उत्तर आहे. २००६ चा वनहक्क कायदा अभयारण्यातल्या जमिनीलाही लागू आहे. त्याच्या नियमांत पुरावा म्हणून गॅझेटियर चालते, जुने नकाशे चालतात, वनखात्याचे कार्य आयोजन आराखडे चालतात, देवस्थानासारख्या पवित्र जागा चालतात. गावातल्या जाणत्या माणसांनी सांगितलेले लिहून घेतले, तर तेही चालते. फक्त ती माणसे स्वतः दावेदार नसावीत. एकाच कागदावर भिस्त ठेवू नये, एकाहून अधिक पुरावे जोडावेत, एवढे लक्षात ठेवा.

माझ्या मते वारसा जपायची खरी कामे इथे आहेत. कमानी आणि फलक नंतर होतील. येत्या ग्रामसभेत वनहक्क समितीने एक वही घालावी. देवराईच्या चतुःसीमा, पाणवठ्यांची नावे, हिरड्याची राने, कुणी काय राखले, हे सगळे तिच्यात उतरवावे. सांगणाऱ्याची सही किंवा अंगठा घ्यावा, तारीख घालावी, आणि एक प्रत पंचायतीत ठेवून दुसरी शाळेत ठेवावी. गावातली ऐंशी वर्षांची माणसे अजून सांगायला आहेत, तेव्हा हे काम याच वर्षी हाती घ्या.