गादीचे टाके
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रातील भाषण)



संयोजन समितीनं मला विषय दिला होता 'पन्नाशीच्या उंबरठ्यावरचं आरोग्य'. त्यात बीपी, शुगर, गुडघे हे सगळं बसवता आलं असतं. पण मी नांदेड सोडून अकरावीला लातूरला गेले, पुढे डॉक्टर होऊन तिथंच स्थिरावले, आणि आज बरीच वर्षं त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. दवाखान्याचं दार लोटून घेतल्यावर बायका आवाज खाली आणून जे विचारतात, त्यावर मंचावरून कुणी बोलत नाही. म्हणून समितीची परवानगी घेऊन मी विषय जरा बदलला. आज मी मांड्यांवरच्या खळग्यांबद्दल बोलणार आहे. सर, बाई, तुमच्यासमोर माइकवरून 'मांड्या' म्हणताना आजही दडपण येतं. पण शरीराच्या अवयवांची नावं न लाजता घ्यायची, हे जीवशास्त्राच्या तासाला तुम्हीच आम्हाला शिकवलं.

मांड्या, नितंब, कधी दंड किंवा पोट, इथली कातडी सपाट न दिसता संत्र्याच्या सालीसारखी खाचखळग्यांची दिसते. याला सेल्युलाइट म्हणतात. वयात आलेल्या दर १० स्त्रियांपैकी ८ ते ९ जणींना ते कमी-अधिक असतं. सडपातळ मुलींना असतं, रोज धावणाऱ्या खेळाडूंनाही असतं. माझ्याकडे येणारी प्रत्येक जण मात्र सांगते, "डॉक्टर, मला एकटीलाच असं आहे." साडीत, पंजाबी ड्रेसमध्ये सगळ्यांचंच झाकलेलं असतं, म्हणून दुसरीचं दिसत नाही. दिसतात त्या जाहिरातीतल्या मांड्या, आणि त्यावरचे खळगे कॉम्प्युटरवर पुसलेले असतात.

हे होतं कशानं? आपल्या लहानपणी घरोघरी पिंजाऱ्याकडून भरून घेतलेल्या कापसाच्या गाद्या असायच्या, त्या आठवा. कापूस एका जागी गोळा होऊ नये म्हणून गादीला ठिकठिकाणी आरपार टाके घालतात. टाका असतो तिथं कापड आत ओढलं जातं आणि दोन टाक्यांच्या मधे कापूस फुगून वर येतो. आपल्या कातडीखाली नेमकं हेच आहे. कातडीखाली चरबीचा थर, आणि त्या थरातून कातडीला खालच्या आवरणाशी बांधून ठेवणारे चिवट तंतूंचे पट्टे. स्त्रियांमध्ये हे पट्टे बहुतेक उभे असतात, गादीच्या टाक्यांसारखे. पुरुषांमध्ये ते तिरपे, एकमेकांना छेदत जातात, बाजेच्या विणीसारखे. शिवाय पुरुषांची कातडी जाड असते. म्हणून पुरुषाचं पोट सुटलं तरी मांडी सपाट राहते, आणि बाई कितीही सडपातळ असली तरी टाके दिसू शकतात.

यात इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा वाटा आहे. मुलगी वयात आली की शरीर मांड्या-नितंबांत चरबीचा साठा करायला लागतं. बाळंतपण आणि अंगावर पाजणं यासाठी ती शिदोरी असते. आनुवंशिकता आहे, आईला असेल तर लेकीला असण्याची शक्यता जास्त. आणि वय आहे. चाळिशीनंतर कातडी पातळ होत जाते, तिचा ताणून धरण्याचा गुण कमी होतो, आणि आतले टाके जास्त उठून दिसतात.

दोन गैरसमज इथंच दूर करते. 'शरीरात साचलेल्या विषारी द्रव्यांमुळे सेल्युलाइट होतं' असं सांगून काढे, पावडरी विकल्या जातात. तसं काही साचलेलं नसतं. ती साधी चरबी आहे. दुसरा गैरसमज, 'वजन उतरवलं की जातं'. वजन कमी झाल्यावर काहींचे खळगे कमी होतात, पण झपाट्यानं बारीक झालेल्या आणि कातडी सैल पडलेल्या काहींचे उलट वाढलेले दिसतात. व्यायाम करा, स्नायू घट्ट झाले तर थोडा फरक दिसेलही. पण व्यायामाचं यश मांडीच्या सालीवर मोजू नका.

आता या शब्दाची गोष्ट ऐका. १९२० च्या सुमारास फ्रान्समधल्या वैद्यकीय लिखाणात 'सेल्युलाइट' आलं. मग ते तिथल्या सौंदर्यविषयक मासिकांत गेलं. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या 'व्होग' मासिकानं आपल्या वाचक बायकांना तो नवा शब्द म्हणून सांगितला, आणि तिथून क्रीम, मसाज, पट्टे, मशीन असा बाजार उभा राहिला. १९७८ साली न्यूर्नबर्गर आणि म्यूलर या दोन जर्मन संशोधकांनी कातडीच्या रचनेचा सविस्तर अभ्यास छापला. त्याच्या शीर्षकातच त्यांनी सेल्युलाइटला 'शोधून काढलेला आजार' म्हटलं. त्याच्याही साडेतीनशे वर्षं आधी युरोपात रुबेन्स नावाचा मोठा चित्रकार होऊन गेला. त्याच्या चित्रांतल्या सुंदर स्त्रियांच्या मांड्यांवर हे खळगे स्पष्ट रंगवलेले आहेत. आपल्याकडे तर संस्कृत कवींनी पोटावरच्या तीन वळ्यांना 'त्रिवली' असं नाव देऊन ते सौंदर्याचं लक्षण मानलं. शरीर तेच राहिलं, बघणाऱ्याची नजर बदलली.

उपचार आहेत का? आहेत, आणि मी ते लपवून ठेवणार नाही. कॅफिन किंवा रेटिनॉलच्या क्रीमनं थोडा फरक पडतो, लावणं थांबवलं की तो जातो. आतले टाके सुईनं सोडवण्याची प्रक्रिया आहे, तिचा परिणाम जास्त टिकतो. ती खर्चिक आहे आणि प्रशिक्षित हातांनीच व्हायला हवी. अमेरिकेत २०२० साली नितंबांवरच्या सेल्युलाइटसाठी एका इंजेक्शनला मान्यता मिळाली होती. काळेनिळे वण पडतात, कातडीचा रंग बदलतो, अशा तक्रारींनंतर कंपनीनं २०२२ च्या अखेरीस त्याचं उत्पादन आणि विक्री थांबवायचं ठरवलं. कुणाला उपचार घ्यावेसे वाटले तर जरूर घ्यावेत, त्यात कमीपणा नाही. पण ते हौसेसाठी आहेत, गरज म्हणून नाहीत, एवढं समजून घ्यावेत. आणि मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून आणलेलं स्टिरॉइडचं मलम मांडीवर चोळत बसू नये. लातूरला क्लाससाठी आलेल्या कितीतरी मुली गजकर्णावर असली मलमं महिनोन्‌महिने लावतात आणि कातडी पातळ होऊन कायमचे चट्टे घेऊन माझ्याकडे येतात.

आता तुम्ही म्हणाल, आजार नाही म्हणतेस, मग एवढ्या मेळाव्यात हा विषय कशाला? सांगते.

आपल्या वर्गातली एक मैत्रीण आज आपल्यात नाही. तिच्या घरच्यांच्या संमतीनं सांगते, नाव घेत नाही. तिच्या एका स्तनावरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली होती. ती तिनं आठ महिने कुणाला दाखवली नाही, नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. बाळंतपणानंतर सुटलेलं अंग डॉक्टरसमोर उघडं करायचं या कल्पनेनंच तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, असं तिनं मला नंतर सांगितलं. आम्ही निदान केलं तेव्हा आजार पुढे गेला होता.

मांडीवर संत्र्याची साल दिसली तर तिच्याकडे दुर्लक्ष करा. तीच साल स्तनावर दिसली, कातडी आत ओढली गेली, बोंड आत गेलं, गाठ लागली किंवा रक्तासारखा स्राव आला, तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा. गाठ दुखत नाही म्हणून थांबू नका. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. भारतातल्या स्त्रियांमध्ये आज सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग हाच आहे.

दुसरी गोष्ट नावाच्या गोंधळाची. सेल्युलाइट वेगळं आणि सेल्युलायटिस वेगळं. सेल्युलायटिस म्हणजे कातडीखाली झालेला जंतुसंसर्ग. बहुधा एकच पाय लाल होतो, सुजतो, गरम लागतो, ठणकतो, ताप येतो. टाचेची भेग, बोटांमधल्या चिखल्या, शेतात लागलेला काटा, इथून जंतू आत जातात. शुगर असलेल्यांना धोका जास्त. यावर लेप लावत घरी बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं. आणि पाय न दुखता महिनोन्‌महिने सुजलेला राहत असेल तर हत्तीरोगासाठी रक्ताची तपासणी करून घ्या. आपल्या भागात तो आहे. ही तपासणी रात्री करतात, कारण ते जंतू रात्री रक्तात येतात.

तिसरी गोष्ट पुरुषांसाठीसुद्धा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी, असा आपल्याकडचा बांधा आहे. मधुमेह आणि हृदयविकार यांच्याशी जास्त नातं आहे ते पोटातल्या चरबीचं. मांड्यांवरची चरबी त्या मानानं निरुपद्रवी. म्हणजे आपण लाजतो मांडीला आणि धोका असतो पोटात! शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. बायकांचं माप ८० सेंटिमीटरच्या आत, म्हणजे साधारण साडेएकतीस इंच. पुरुषांचं ९० च्या आत, साधारण साडेपस्तीस इंच. मित्रांनो, हसू नका, तुमचीही टेप निघणार आहे.

'बॉडी पॉझिटिव्हिटी' हा शब्द तुमच्या मुली वापरतात. मी त्याला देहस्वीकार म्हणते. त्याचा अर्थ 'कसंही राहा, चालतंय' असा नाही. ज्या शरीराची लाज वाटते त्याला आपण आरशात बघत नाही, हात लावून तपासत नाही, डॉक्टरला दाखवत नाही. आधी ते आपलं मानलं तरच त्याची निगा राखली जाते.

याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयानं गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. २००९ साली निष्कर्ष आला, की आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही तपासणीमुळंही या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तो जगभर वाचला गेला. शेतात खुरपायला जाणाऱ्या, कधी डॉक्टरसमोर पदर न ढळू देणाऱ्या आपल्यासारख्याच बायका तपासणीला पुढे आल्या, म्हणून जगाला हे कळलं. कुणीतरी त्यांना आदरानं समजावून सांगितलं असेल, तेव्हाच हे शक्य झालं.

तो आदर आपण एकमेकींना देतो का? बत्तीस वर्षांनी भेटलो तरी पहिलं वाक्य काय असतं? "अगं, किती जाड झालीस!" "आजारी होतीस का, हाडं दिसायला लागली." "बाळंतपणानंतर लक्षच नाही बघ हिचं." यात दुष्टावा नसतो, आपुलकीच असते, मला माहीत आहे. पण मेळाव्याची तारीख ग्रुपवर पडली तेव्हा आपल्यातल्या दोघींनी मला वेगळा मेसेज केला, "वजन उतरलं की पुढच्या वेळी येते." त्या आज आलेल्या नाहीत. एका वाक्याच्या भीतीनं बाई शाळेत येत नसेल, तर ती दवाखान्यात तरी कशी जाईल?

म्हणून आपुलकी दुसऱ्या वाक्यात घाला. झोप लागते का? हिमोग्लोबिन कधी तपासलंस? महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं; तेव्हा हा प्रश्न कुणालाही विचारला तरी वाया जाणार नाही. मित्रांनो, हेच घरी बायकोला, लेकीला विचारा. आणि वयात येणाऱ्या मुलीसमोर तिच्या मांड्यांवरून, रंगावरून थट्टा करू नका. ती थट्टा पन्नाशीपर्यंत तिच्या अंगाला चिकटून राहते.

आता कामाचं. चहा झाल्यावर मी आठवी 'ब'च्या वर्गात बसणार आहे. टेप आहे, बीपीचं मशीन आहे, वजनकाटा मुद्दाम आणलेला नाही. स्तन स्वतः कसे तपासायचे ते बायकांना दार लावून दाखवीन. कुणाला काही शंका असेल तर तिथंच बघू आणि पुढे कुठं जायचं तेही सांगीन. सरकारी रुग्णालयांत तिशीपुढच्या स्त्रियांसाठी ही तपासणी होते, नांदेडला होते, लातूरलाही होते. ज्या दोघी आल्या नाहीत, त्यांना मी संध्याकाळी फोन करणार आहे. तुमच्यापैकी जिला त्यांच्याशी बोलायचं असेल, तिनं थांबावं.