परसातला टोमॅटो : वाण निवडायचा तो कोणासाठी?

(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



सकाळपासून कापसाच्या भावाची चर्चा झाली. ती व्हायलाच पाहिजे होती. आम्ही मात्र बोलणार आहोत परसातल्या वीस-पंचवीस झाडांबद्दल. टोमॅटो म्हणा, टमाटर म्हणा, वऱ्हाडात भेदरं म्हणा, त्याच्याबद्दल. कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या बैठकीत हा काय विषय काढला? पण आम्ही एक साधा प्रश्न विचारतो. आठवडी बाजाराच्या दिवशी आपण शेतकरी म्हणवणारे लोक काय करतो? पिशवी घेऊन भाजी विकत आणायला जातो. कापूस विकायचा मातीमोलाने आणि त्या पैशाने भाजी आणायची दुसऱ्याने सांगितलेल्या भावाने.

२०२३ साल आठवा. जुलैमध्ये शहरात टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या पार गेला. लगेच ओरड झाली आणि ऑगस्टमध्ये सरकारने नेपाळमधून टोमॅटो आणायचे ठरवले. भाव पडतो, माल रस्त्यावर ओतायची पाळी येते, तेव्हा अशी धावपळ कोणी करत नाही. हा हिशेब आपल्याला पाठ आहे. तो बदलायची लढाई चालूच राहील. पण त्या लढाईत घरच्या ताटातली भाजी तरी आपल्या हातात राहावी की नाही?

आता मुद्द्यावर येतो. परसात टोमॅटो लावायचा तर वाण कोणता? आम्ही पहिल्या वर्षी हा प्रश्न विचारलाच नाही. तालुक्याला रोपवाटिकेत गेलो, सगळे नेतात तीच रोपे आणली. झाडे छान बसली, फळे टणक आली. पण पिकली ती सगळी पंधरा-वीस दिवसांत. शेजारीपाजारी वाटली, काही सडली आणि पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा पिशवी घेऊन बाजारात उभे. घरातली बाई म्हणाली, "हा टमाटर चटणीला शिजतही नाही लवकर, सालच चावत बसावी लागते."

तिचे म्हणणे खरे होते. चूक वाणाची नव्हती, आमची होती. तो वाण मुंबई-दिल्लीच्या ट्रकसाठी निवडलेला होता. साल जाड, म्हणजे वाटेत फुटणार नाही. माल एकदम पिकणारा, म्हणजे दोन-चार तोड्यांत गाडी भरेल. बाजारासाठी पिकवणाऱ्याला हे गुण सोन्यासारखे आहेत. पण परसातून चुलीपर्यंत वीस पावले जाणाऱ्या फळाला जाड साल काय करायची?

म्हणून आमचे पहिले सांगणे, वाण निवडताना कोणासाठी ते आधी ठरवा. आणि ते ठरवताना घरातल्या बाईला विचारा, कारण झाडाला पाणी तीच घालते, भाजीही तीच करते.

टोमॅटोची झाडे दोन चालीची असतात. एक बुटकी चाल. झाड ठरावीक उंचीवर थांबते आणि फळे थोड्या दिवसांत एकत्र येतात. दुसरी उंच चाल. शेंडा वाढत राहतो, खाली फळ पिकते आणि वर फूल येत राहते. घराला रोज चार-सहा फळे पाहिजेत, एकदम दोन टोपल्या नकोत. म्हणून परसात निम्म्याहून जास्त झाडे उंच चालीची असावीत. त्यांना आधार लागतो. तो विकत आणू नका. तुराट्या आपल्याच बांधावर आहेत. चाळ्याच्या जुन्या सुतळीने बांधल्या की काम झाले.

आता नावे. दिल्लीच्या पुसा संस्थेचा पुसा रुबी हा जुना वाण. फळ चपटे, रेघा असलेले, आंबट. भाजीला, सारला उत्तम. त्याच संस्थेचा पुसा अर्ली ड्वार्फ बुटका आणि लवकर येणारा. बंगळूरजवळच्या हेसरघट्ट्याच्या बागवानी संस्थेचा अर्का विकास पाण्याची ओढ बऱ्यापैकी सोसतो. आपल्या कोरडवाहू गावांना हा गुण मोलाचा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे धनश्री, भाग्यश्री आहेत. हे सगळे सरळ वाण, म्हणजे यांचे बी घरी धरता येते.

आणि संकरित? आम्ही संकरिताचे वैरी नाही. १९६४ साली सीएसएच-१ ही हायब्रीड ज्वारी आली, १९७० साली सुरतेहून एच-४ हा संकरित कापूस आला. आपणच ते वाण शेतात नेले आणि त्यांनी उत्पादन वाढवले. टोमॅटोतही हेसरघट्ट्याचा अर्का रक्षक हा संकरित वाण पर्णगुच्छ, मर आणि लवकर येणारा करपा या तीन रोगांपुढे टिकण्यासाठी काढलेला आहे. ज्याच्या परसात दरसाल पाने आकसून झाडे जातात, त्याने तो जरूर लावावा. फक्त एक ध्यानात ठेवा. संकरिताचे बी धरले तर पुढच्या पिढीत झाडे एकसारखी येत नाहीत, कोणते आईवर जाते, कोणते बापावर. आपण ज्वारीत हे जाणतोच. हायब्रीडचे बी दरसाल दुकानातून आणतो, पण मालदांडी आजही कित्येक घरांत कणगीतून शेतात आणि शेतातून कणगीत जाते.

दुसरी गोष्ट हंगामाची. टोमॅटोला आपला उन्हाळा मानवत नाही. दिवस चाळिशीच्या घरात गेला आणि रात्रीही तापू लागल्या की फुले गळतात, मग वाण कोणताही असो. म्हणून पोळा झाला की गादीवाफ्यावर रोप टाका, पंचवीस-तीस दिवसांनी दसऱ्याच्या आसपास लावा. मार्गशीर्षापासून होळीपर्यंत खाल. याच काळात कापसाची वेचणी असते, बायामाणसांना उसंत नसते. म्हणून पंचवीस झाडांच्या वर जाऊ नका. झाडाला दीड किलो धरला तरी पंचवीस झाडांचा हिशेब सदतीस किलोच्या वर जातो. अडीच महिन्यांत दिवसाला अर्धा किलो. एका घराला पुष्कळ झाला.

तिसरी गोष्ट किडीची. ती तर आपल्या ओळखीचीच आहे. कापसावरची हिरवी बोंडअळी आणि टोमॅटोचे फळ पोखरणारी अळी एकच. पर्णगुच्छ पसरवणारी पांढरी माशीही कापसावरची तीच. म्हणून परस कपाशीला अगदी लागून असेल तर जागा बदला. रोपावर बारीक नायलॉनची जाळी टाका. पाने आकसलेले झाड दिसले की उपटून पुरा, त्याला औषध नाही. कडेने झेंडू लावा, अळीची मादी झेंडूच्या फुलावरही अंडी घालते, ती फुले खुडून नष्ट करता येतात. वांगी-मिरचीच्या जागेवर टोमॅटो लावू नका, ती एकाच कुळातली.

आणि हात जोडून एक विनंती. कापसाचा पंप परसात नेऊ नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. टोमॅटो लेकरू झाडावरून तोडून तसाच तोंडात घालते. परसात अळी हाताने वेचा.

आता शेवटचे, बियाण्याचे. एक ग्रॅममध्ये टोमॅटोचे सुमारे तीनशे दाणे असतात. दहा ग्रॅमचे पाकीट म्हणजे तीन हजार. निम्मे उगवले तरी दीड हजार रोपे, म्हणजे साठ घरांचे परस. मग घरटी एक पाकीट कशाला? गावाने मिळून सरळ वाणाचे एक आणावे, रोप एका जागी टाकावे आणि वाटून घ्यावे. पुढच्या साली तेही आणायची गरज नाही. निरोगी झाडाचे दुसऱ्या-तिसऱ्या तोड्याचे, पूर्ण पिकलेले फळ घ्या. गर भांड्यात पिळून एक-दोन दिवस आंबू द्या. मग धुवा. तळाशी बसते ते चांगले बी. सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत, हवाबंद डब्यात ठेवा. नीट कोरडे राहिले तर तीन साल उगवते. टोमॅटो आपल्याच परागाने फळ धरतो, म्हणून वाण सहसा बिघडत नाही. असे बी धरण्याचा, पेरण्याचा, एकमेकांना देण्याचा हक्क २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने आपल्याला दिलेला आहे. फक्त नोंदलेल्या वाणाचे बी छापील नावाच्या पाकिटात घालून विकता येत नाही.

पंचवीस झाडांनी कर्ज फिटणार नाही, हे आम्हालाही कळते. पण तीन महिने एका जिनसासाठी बाजारात हात पसरावा लागला नाही, तर ताठ मानेने जगायची सवय तिथूनच लागते. म्हणून होळीनंतरच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या परसातल्या बियाण्याची एक पुडी आणावी. पुडीवर वाण, गाव आणि एक ओळ लिहावी : आमच्या घरात हा का आवडला. ती ओळ घरातल्या बाईने सांगितलेली असावी. पुड्यांची अदलाबदल इथेच, याच सतरंजीवर करू.