वऱ्हाडकराने मुंबई कशी पाहावी?



अमरावतीहून किंवा अकोल्याहून कोणी मुंबईस निघाले की शेजारीपाजारी दोन प्रश्न हटकून विचारतात : उतरणार कोठे, आणि पाहणार काय? पहिल्याचे उत्तर ज्याच्या त्याच्या आप्तेष्टांवर अवलंबून आहे. दुसऱ्यासंबंधी मात्र आज चार शब्द बोलावयाचे योजिले आहे. कारण हीच मुंबई मी एकदा फार चुकीच्या रीतीने दाखविली आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी शाळेची सहल घेऊन मी तेथे गेलो होतो. दोन दिवसांत चौदा स्थळे, असा बेत. मुले धावत होती आणि मी डोकी मोजीत होतो. विश्वविद्यालयाच्या राजाबाई मनोऱ्यापाशी एका कास्तकाराच्या मुलाने विचारले, "गुरुजी, एवढा पैसा यांनी आणला कोठून?" मला उत्तर ठाऊक नव्हते. "श्रीमंत लोक होते बाबा," असे म्हणून मी रांग पुढे हाकली. प्रश्न मात्र मनात सलत राहिला.

पुढे सवडीने वाचू लागलो, तेव्हा कळले की उत्तर आपल्याच शिवारात होते. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील दक्षिणेची बंदरे अडविली गेली आणि विलायतेतील गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. हिंदी कापसाचा भाव कित्येक पटींनी चढला व मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे द्रव्याचा पूर लोटला. त्यांतील अग्रणी प्रेमचंद रायचंद. त्यांच्या देणगीतून हा २८० फूट उंचीचा मनोरा उभा राहिला, आणि त्यास त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. खुद्द प्रेमचंदही त्यात सापडले. मनोरा तेवढा १८७८ पर्यंत बांधून पुरा झाला. ज्या कापसाने हे वैभव आणिले, त्यात आपल्या काळ्या जमिनीचाही वाटा होता. शेठांचे नाव दगडावर राहिले. पिकविणाऱ्याचे कोठेच नाही. ते निदान आपण तरी स्मरावे.

म्हणून माझी सूचना अशी की, मुंबईचे दर्शन आगगाडीतून उतरताक्षणीच सुरू करावे. बोरीबंदरचे स्थानक, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, आपण सामान सांभाळण्याच्या गडबडीत पाहतच नाही. बाहेर येऊन, मागे वळून, मान वर करावी. स्टीव्हन्स नामक वास्तुविशारदाची ही कृती. १८७८ साली काम सुरू झाले व त्यास सुमारे दहा वर्षे लागली. २००४ साली ती जागतिक वारशात गणली गेली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहूनच पहिली गाडी ठाण्यास गेली. तोच लोहमार्ग अकोला, बडनेरा मागे टाकीत १८६७ साली नागपुरास पोहोचला. त्यानंतर आपला कापूस याच वाटेने समुद्राकडे जाऊ लागला.

तेथून पायीच हुतात्मा चौकात जावे. १८६४ सालचे कारंजे सुंदर आहे खरे. पण त्याच्या शेजारी संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण वेचणाऱ्यांचे स्मारक आहे, तेथे क्षणभर स्तब्ध उभे राहावे. १९५६ साली वऱ्हाड मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. मुंबई आपली राजधानी झाली ती अशी. तेथून राजाबाई मनोरा हाकेच्या अंतरावर आहे.

दुसरा दिवस घारापुरीस द्यावा. 'गेटवे ऑफ इंडिया'पासून नाव सुटते. प्रवास सुमारे तासाभराचा. सोमवारी लेणी बंद असतात, हे ध्यानात ठेवावे. १९२४ साली खुल्या झालेल्या या कमानीतूनच २८ फेब्रुवारी १९४८ रोजी अखेरच्या ब्रिटिश पलटणीने हा देश सोडला, हे मुलांना नाव सुटण्यापूर्वी सांगावे. बेटावर सुमारे वीस फूट उंचीची त्रिमुख सदाशिवमूर्ती आहे. तिच्यासमोर घाई करू नये. अंधाराला डोळे सरावले म्हणजे मधल्या मुखावरील शांती हळूहळू उमगू लागते. ज्या दगडी हत्तीवरून परकीयांनी बेटास 'एलिफंटा' म्हटले, तो आता भायखळ्यास, राणीच्या बागेतील भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालयाशेजारी उभा आहे. लहान मुले बरोबर असल्यास तिसऱ्या दिवशी तेथे न्यावे.

सायंकाळी चौपाटीवर बसावे. ज्या मुलाने आयुष्यात मोर्णा नाही तर पेढी एवढेच पाणी पाहिले आहे, त्याला समुद्र प्रथम पाहताना बोलावयास लावू नये. त्याला पाहू द्यावे.

स्थळे थोडी पाहावीत, पण प्रत्येक ठिकाणी 'हे कोणी, केव्हा, कोणाच्या कष्टावर उभारले?' असा प्रश्न मुलांना विचारू द्यावा. उत्तर येत नसेल तर तसे मोकळेपणाने सांगावे. त्या दिवशी मी तेवढेही केले नाही. माझा तो विद्यार्थी आता पोक्त गृहस्थ झाला असेल. तो ऐकत असल्यास, त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी आज, फार उशिरा का होईना, दिले आहे.