होडी पाण्यात लोटण्यापूर्वी



नारळीपौर्णिमेला आपण सागराला नारळ वाहतो आणि घरची माणसे सुखरूप येवोत म्हणून हात जोडतो. ते योग्यच आहे. परंतु नारळाने फळीची फट बुजत नाही, ती आपल्यालाच बुजवावी लागते. म्हणून शिडाच्या होडीच्या तयारीविषयी चार शब्द सांगते.

आता बहुतेक होड्यांना यंत्र आले. १ जून ते ३१ जुलै त्यांना मासेमारीची बंदी असते. बिनयंत्राच्या होडीला ती बंदी नसली, तरी पावसाळी समुद्र तिलाही किनाऱ्यावर बसवतो.

शाकारलेले झाप काढले की प्रथम तळ पाहावा. खाऱ्या पाण्यापेक्षा साचलेले पावसाचे पाणी लाकूड लवकर कुजवते. फळ्या ठोकून पाहाव्यात. आवाज बद्द आला तर आत कूज आहे किंवा किडीने पोखरले आहे असे समजावे. ही कीड म्हणजे खरे तर शिंपल्याच्या जातीचा जीव. बाहेर बारीकसे छिद्र दिसते आणि आत फळी पोकळ झालेली असते.

मग सांध्यांतला सडका कापूस काढून नवा भरावा व वरून राळ-तेलाचा लेप द्यावा. कापूस मात्र बेतानेच ठासावा. सुकी फळी पाण्यात फुगते. फार ठासले तर खिळ्यांवर ताण येतो.

शीड तर आपल्याच हातचे काम! ते उन्हात पसरून कडा, कोपरे व शिवण पाहावी. शिवणीजवळ बोटांनी ओढताच कापड फाटले, तर ठिगळाचा उपयोग नाही. तो पट्टाच बदलावा. दोराचा पीळ उलगडून आत पाहावे. वरून धड दिसणारा दोर आतून कुजलेला असतो.

शेवटी होडी एकदोन दिवस उथळ पाण्यात ठेवावी. फळ्या फुगूनही पाणी शिरत राहिले, तर सण असो की शेजारची होडी निघालेली असो, आपली होडी काढू नये.

भगिनींनो, ही कामे पुरुषांची म्हणून आपण गप्प बसतो. पण रात्री दिवा लावून वाट पाहणाऱ्या आपणच. तेव्हा यंदा पूजेचे ताट हाती घेण्यापूर्वी प्रत्येकीने घरी विचारावे: सांधे भरले का? शीड पाहिले का? नांगराचा दोर तपासला का? माणशी एक जीवरक्षक जाकीट आहे का? उत्तरे मिळाली, की मग खुशाल नारळ वाहावा.